लाडकीचं हिव

डिसेंबर सरत आला की सूर्यमाळच्या पाड्यांवरची माणसं शेकोटीभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि थंडीच्या नावानं बोटं मोडतात. लाडकीचं सगळं उलट. थंडी वाढली की तिला चेव येतो. दिवस मावळायच्या सुमाराला ती अंगणात उभी राहून आधी आभाळ बघते, मग चुलीचा धूर कुठल्या अंगाला जातोय ते बघते. धूर सरळ वर गेला की तिच्या तोंडावर हसू फुटतं आणि ती नवऱ्याला, ढवळूला, ओरडून सांगते, "वारा पडलाय! आज काय तरी व्हईल बग."

"व्हईल ना," ढवळू गोधडीतून म्हणतो, "मला सर्दी व्हईल."

चौपन्नाच्या आसपासची बाई. आसपासची म्हणायचं कारण असं, की आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि पाड्यातल्या निम्म्या लोकांची तीच आहे. ज्या कुणी मास्तरांनी त्या काळी शाळेत नावं घातली, त्यांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घालून हात झटकले. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. लाडकीला मात्र ती तारीख मनापासून आवडते, कारण ती ऐन थंडीतली आहे.

तिला बर्फ बघायचाय. टीव्हीवर काश्मीरचा दाखवतात तसला गुडघाभर नव्हे, तेवढी काही ती खुळी नाही. गवताच्या काडीवर मिठासारखा पांढरा दिसला, नखानं खरवडता आला, तरी तिला पुरे. पण तो इथं, आपल्या भाताच्या खाचरात पडायला हवा. ज्या मोखाडा तालुक्यात मार्चपासून बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथं ही बाई बर्फाची वाट बघते म्हटल्यावर लोक हसणारच. खोडाळ्याच्या बाजारात गोळेवाल्याची गाडी दिसली की कुणीतरी हटकून ओरडतं, "लाडके, तुझा बरफ आला गो!" लाडकी हसण्यावारी नेते, स्वतः एक गोळा घेते आणि चोखत चोखत घरची वाट धरते. पण तिला लागतं. कारण तिला बर्फ दुसऱ्यांदा बघायचा आहे, आणि पहिल्यांदा बघितलेला कुणी खरा मानत नाही.

तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. थोरली बहीण पोशी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. खालच्या झऱ्याकडे तेव्हा वाघराचा वावर होता, म्हणून आईनं पोरींना तिकडं जायची सक्त मनाई केली होती. मनाई केली म्हणूनच त्या गेल्या. उजाडता उजाडता दोघी झऱ्यावर पोचल्या, तर काठच्या खाचरात, कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर, बांधावरच्या गवतावर, सगळीकडे पांढरं. लाडकीला ती सकाळ लख्ख आठवते. आणि त्याच संध्याकाळी ती तापानं फणफणली.

आता इथं एक शब्द आडवा येतो. आमच्या डोंगरात थंडीला हिव म्हणतात. दव गोठून पांढरं झालं तर हिव पडलं म्हणतात. आणि हुडहुडी भरून येणारा तो मलेरियाचा ताप, त्याचंही नाव हिवच. लाडकीला हिव भरलं ते वीस दिवस उतरलं नाही. पोर हातची जाते की काय, असं सगळ्यांना वाटलं. बरी झाल्यावर ती सांगायला लागली की आम्ही झऱ्यावर हिव बघितलं, पांढरंशुभ्र. आईनं पोशीला उभं केलं. "गेलतात का गं झऱ्यावर?" पोशी जमिनीकडे बघत म्हणाली, "नाय. आमी घरातच होतो."

झालं. हिवात दिसलेलं हिव, असं म्हणून सगळे हसले आणि तो विषय तिथंच संपला. लाडकीपुरता मात्र तो कधी संपलाच नाही. पोशीला वरच्या पाड्यात दिली, लाडकी खालच्या पाड्यात पडली. दोघींचा जीव एकमेकींवर. नव्या नागलीची पहिली भाकरी पोशी आधी धाकटीला पाठवणार, मग घरच्यांना वाढणार. पण थंडी पडली आणि लाडकीनं तो विषय काढला, की पोशीचा चेहरा दगड होतो. "मला नाय आठवत," म्हणते आणि कोंबड्या हाकायला उठते, कोंबड्या खुराड्यात असल्या तरी. गावानं खोटी म्हटलं तर लाडकी सोसते. पोशीनं एकदा, फक्त एकदा, "होतं" म्हणावं, एवढंच तिला हवंय.

म्हणून दर हिवाळ्यात ती स्टीलच्या ताटात बोटभर पाणी घालून रात्रभर बाहेर ठेवते. आधी काही वर्षं अंगणात ठेवलं. मग तिला वाटलं, उंचावर थंडी जास्त असणार, म्हणून डोंगराच्या टेपावर नेऊन ठेवलं, आणि तिथंही पहाटे पाणी ते पाणीच. शेवटी बैलांनी तिला शिकवलं. मोकळे सोडलेले बैल थंडीच्या दिवसांत झऱ्याकडच्या खोलगटात बसत नाहीत, उतार चढून वर येऊन बसतात. लाडकीनं हे हेरलं आणि तिची ट्यूब पेटली. थंडी पाण्यासारखी उतारानं वाहत खाली जाते आणि तळाला साचते! त्या दिवशी ती शाळेच्या मास्तरांना हे सांगायला धावत गेली होती. मास्तर म्हणाले, अगदी बरोबर आहे. मोठा शोध लावल्यासारखी ती आठ दिवस मिरवत होती.

तर यंदाच्या जानेवारीत तिच्या लेकीचा, वर्षाचा, फोन आला. वर्षा जव्हारला एका कचेरीत कारकून आहे. "आई, बातम्यांत सांगितलंय, थंडीची लाट येते आहे. तीन दिवस. स्वेटर घाल, पहाटेची हिंडू नको."

शेवटचं वाक्य लाडकीनं ऐकलंच नाही. "किती आकडा सांगितलाय?" तिनं विचारलं.

"मोखाड्याला आठ. डोंगरावर त्याहून कमी असेल."

"आठ!" लाडकीनं फोन कानाला तसाच ठेवून उडीच मारली. गेल्या वर्षी अकरावर येऊन थांबली होती मेली.

पहिल्या दिवशी तिचं कशातच लक्ष नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. ढवळू पानावर बसून नुसता पाणी पीत राहिला. रात्री ताट ठेवलं, पहाटे जाऊन बघितलं. पाणी एवढं गार की बोटं सणकली, पण गोठलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारून समुद्राच्या बाजूनं ढग आले. लाडकी ओट्यावर बसून त्या ढगांना अशा काही शिव्या देत होती की शेजारची चंदा बाहेर येऊन बघून गेली, कुणाशी भांडण लागलं म्हणून. चंदा पाड्याची आशाताई. वर्षभरापूर्वीच कामाला लागलेली, त्यामुळे कुणी शिंकलं तरी वहीत नोंद करणारी.

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. संध्याकाळी धूर सरळ वर गेला. पानही हलेना. लाडकीनं ताट झऱ्याकाठच्या खाचरात नेऊन ठेवलं आणि घरी येऊन अंथरुणावर पडली, पण झोप कुठली यायला. लग्नाच्या आदल्या रात्रीही ती एवढी जागी नव्हती, हे तिनं स्वतःच ढवळूला सांगून टाकलं.

फटफटायला लागलं तशी ती उतार उतरायला लागली. खाली उतरेल तशी थंडी पोटऱ्यांना, मग मांड्यांना चावायला लागली. शेवटच्या बांधावर तिनं पाय टाकला आणि पायाखाली काहीतरी कुरकुर वाजलं. ती थबकली. वाकून बघितलं.

पांढरं! बांधावरचं गवत पांढरं, भाताची बुडखी पांढरी, राहिलेला पेंढा पांढरा. अख्खं खाचर पीठ भुरभुरल्यासारखं झालं होतं. तिनं एका काडीवर नख फिरवलं. नखाखाली खडे आले, आणि लगेच त्यांचं पाणी झालं. लाडकी त्या खाचराच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसायला लागली. डोळ्यांतून पाणीही येत होतं. तिला नाचावंसं वाटलं, आणि बघायला कुणी नसल्यामुळे ती नाचलीसुद्धा.

बघायला कुणी नाही, हे मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं वर बघितलं. पूर्वेच्या डोंगरामागं आभाळ लाल झालं होतं. तासाभरात उन्हं या खोलगटात उतरतील आणि सगळं दहिवर, नुसतं दव, होऊन जाईल. मग पुन्हा हसतील लोक. ढवळूला उठवण्यात अर्धा तास जाईल, त्याला कोण उठवतंय! पोशीला आणायला हवं. तिनं पांढऱ्या पेंढ्याची कवळ भरली, छातीशी धरली आणि चढ धरला.

पाड्यातून जाताना ती गळा फाडून ओरडत होती, "हिव पडलंय! हिव! सगळं भरलंय, उठा रे!" दोन कुत्री तेवढी मागं लागली. चंदा अंथरुणात होती. तिच्या कानात "हिव" आणि "सगळं भरलंय" एवढंच शिरलं आणि ती ताडकन उठून बसली. सगळ्यांना हिव भरलंय! दार उघडून बाहेर येईतो लाडकी चढावर दिसेनाशी झाली होती, वरच्या पाड्याकडे. म्हणजे आजारी तिकडं असणार. चंदानं जिथं रेंज येते त्या चिंचेखाली जाऊन आरोग्य सेवकाला फोन लावला. "सर, हिवाची साथ! वरच्या पाड्यात, पोशीबाईच्या घराकडं. लवकर या."

पोशी चुलीशी बसून कोरा चहा उकळत होती. लाडकी धापा टाकत दारात आली. "पोशीबाय, हे बग! पडलं! हे बग, हे बग!"

पोशीनं बघितलं. लाडकीनंही बघितलं. चढाच्या धावपळीत, छातीच्या उबेनं, सगळं वितळलं होतं. तिच्या हातात निथळता पेंढा होता आणि लुगडं पुढून भिजलं होतं.

"दहिवर हाय हे," पोशी हळूच म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

"खाली चल. अजून हाय तिथं. पांढरं हाय, बाय, तवा होतं तसं!"

"माझं गुडघं उतरू देत नाय, ठाव हाय ना तुला."

"मी पाठीवर घेते!"

"लाडके, नको ना गं." पोशीनं तोंड भिंतीकडं केलं. लाडकीनं पेंढा खाली टाकला आणि उंबऱ्यावर मटकन बसली. समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर पहिलं ऊन लागलं होतं. पन्नास वर्षं वाट बघितली आणि आता हे असं, एका गुडघ्यापायी हातचं जाणार, म्हणून तिचं रडू फुटायच्या बेताला आलं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. रोहिदास आरोग्य सेवक, कानटोपीवर हेल्मेट, गळ्यात मफलर, खांद्याला पिशवी. उतरल्या उतरल्या त्यानं रक्त तपासायच्या काचपट्ट्यांचा डबा काढला. "कुणाकुणाला हिव आलंय? किती जण आहेत?"

"खाचराला आलंय!" लाडकी उठून उभी राहिली.

"खाचरात किती जण पडलेत?"

"खाचरच पडलंय की, पांढरंफटक!"

रोहिदासनं तिच्या भिजलेल्या लुगड्याकडं बघितलं, थरथरणाऱ्या हातांकडं बघितलं. "मावशी, तुम्ही आधी बसा बघू. थंडी वाजून आली का? डोकं दुखतंय? बोट द्या इकडं."

"अरे बाबा, ताप नाय मला! हिव पडलंय. झऱ्यावर. दव गोठलंय!"

रोहिदासनं हातातली सुई खाली केली. तो खोडाळ्याचाच, शेतकऱ्याचा मुलगा. शब्द कुठं घसरला ते त्याला कळलं आणि त्याचे गाल लाल झाले. आंघोळ न करता, चहा न घेता गारठ्यातून गाडी दामटत आला होता बिचारा. तो चिडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्याच्या तोंडून निघालं, "दव गोठलंय? सूर्यमाळला? खरंच?"

"ऊन पोचायच्या आत चल. आन् हिला घे गाडीवर," लाडकीनं पोशीचा दंड धरला. "बस, बाय. सरकारी माणूस आलाय, आता गुडघ्याचं नाव काढू नको."

रोहिदासच्या मागं पोशी एका अंगानं बसली, दोन्ही हातांनी त्याची पिशवी घट्ट धरून. गाडी वळणाच्या वाटेनं निघाली आणि लाडकी सरळ उतारानं, काट्याकुट्यातून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. चौपन्न वर्षांची बाई मोटरसायकलच्या आधी खाली पोचली, हे रोहिदास अजूनही सांगतो.

ऊन वरच्या तीन खाचरांत उतरलं होतं. खालची दोन अजून सावलीत होती, आणि पांढरी होती. रोहिदास "अरे बापरे, अरे बापरे" एवढंच म्हणत मोबाईलवर फोटो काढत फिरत होता. लाडकी त्याला हाताला धरून इकडं ओढत होती, तिकडं ओढत होती. हे बघ, इथं जाड आहे. हे बघ, ताटावर पापुद्रा धरलाय. पोशी बांधावरच उभी होती. मग ती एक पाऊल आत आली, पायाखाली कुरकुर वाजलं, आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

लाडकी धावत आली. "काय झालं गं? गुडघा दुखतो?"

"मीच खाऊ घातलं तुला," पोशी म्हणाली. "तवा. काडीवरचं खरवडून तुझ्या तोंडात घातलं. साखर हाय म्हटलं. तू आणिक मागितलंस, मी आणिक घातलं. आन् सांजचं तुला हिव भरलं. हिव खाल्लं म्हणून हिव भरलं, मला समजलं ना. तू मरत होतीस आन् मी कोपऱ्यात बसून बघत होते. आईला कसं सांगू? म्हणून म्हटलं, गेलोच नाय."

लाडकीनं तिचा हात धरला. एवढी वर्षं तिला वाटत होतं, बहीण माराला भ्याली आणि खोटं बोलली. मारापेक्षा मोठं काही तिच्या मनात असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. स्वतःचीच तिला लाज वाटली. दर हिवाळ्यात ती बहिणीला तेच विचारत आली होती.

रोहिदासनं मोबाईल खिशात टाकला. गेली बारा वर्षं तो पाड्यापाड्यांत हेच समजावत हिंडत होता, पण इतक्या सांभाळून त्यानं कधी सांगितलं नव्हतं. "पोशीमावशी, इकडं बघा. हिवताप डास चावून येतो. बर्फ खाऊन येत नाही. आणि डास चावल्यावर ताप चढायला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणजे लाडकीमावशीला त्या सकाळच्या कितीतरी आधीच चावला होता. तुम्ही खाऊ घातलं नसतंत, तरी त्या संध्याकाळी ताप येणारच होता."

"येणारच होता?"

"येणारच होता."

"बरफानं नाय?"

"नाही हो."

पोशीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" रोहिदासनं मान हलवली. तेव्हा ती जी खाली बसली ती हसायलाच लागली, रडणं न थांबवता. लाडकीनं तिला मिठी मारली. दोघी खाचरात फतकल मारून बसल्या, दोघींची लुगडी भिजली. मग पोशीनं बुडख्यावरचं पांढरं नखानं खरवडून लाडकीच्या तोंडापुढं धरलं. लाडकीनं लहान पोरीसारखा आ केला. मग लाडकीनं पोशीला भरवलं. रोहिदासनंही थोडं चाखून बघितलं, आपल्या कामाची सगळी शिस्त बाजूला ठेवून.

ऊन कधी आलं ते तिघांनाही कळलं नाही. पाड्यातली माणसं उतारावरून यायला लागली, तेव्हा खाचरं पुन्हा तपकिरी झाली होती आणि बुडख्यांवरून पाणी टिपकत होतं. पुढं चंदा, हातात वही, आजाऱ्यांची नावं लिहायला. तिच्या मागं बाकीचे. सगळ्यांत शेवटी गोधडी पांघरलेला ढवळू, जांभया देत.

त्यानं ओल्या खाचरावर नजर फिरवली, पाण्यात बसलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणींकडं बघितलं आणि मिशीत हसला. "पांढरं काय दिसत नाय गो. बरफ कुठं गेला?"

लाडकीनं तोंड उघडलं, पण त्याआधी पोशी उठली. गुडघ्यावर हात रेटून, कण्हत, पण उठली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "होता. आज होता आन् तवा पण होता. आमी दोघींनी खाल्ला."